किती वाजले आणि किती वेळ झाला : संगणकाच्या घड्याळाची गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने संगणकाच्या घड्याळावर आणि काळ्या पडणाऱ्या पडद्यावर का बोलावं, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. उत्तर सोपं आहे. घरातल्या डेस्कटॉपचं घड्याळ चुकतं किंवा पडदा भलत्या वेळी काळा होतो, तेव्हा आपण दुरुस्तीवाल्याला फोन करतो. पण त्या बिघाडाच्या मुळाशी काळाविषयीचा एक जुना प्रश्न आहे. संगणकवाल्यांना तो सुटायला वीस-पंचवीस वर्षं लागली. त्या वर्षांचा इतिहास आज पाहू.

काळाविषयी आपण रोज दोन प्रश्न विचारतो. ‘किती वाजले?’ हा एक आणि ‘किती वेळ झाला?’ हा दुसरा. ऐकायला सारखेच वाटतात, पण त्यांची जात वेगळी आहे. कणादांनी वैशेषिक सूत्रांत काळाची लक्षणं सांगितली, त्यांत आधीचं-नंतरचं, एकाच वेळी घडलेलं, उशिराचं आणि लवकरचं या कल्पना येतात. त्यांत कुठेही ‘साडेदहा वाजले’ असं नाही. साडेदहा ही माणसांनी आपसांत ठरवलेली गोष्ट आहे. उशीर मात्र कुणी ठरवावा लागत नाही, तो होतो.

हा फरक पाहायचा असेल तर आपल्या लग्नातलं घटिकापात्र आठवा. पाण्यावर ठेवलेली, तळाला बारीक छिद्र असलेली वाटी. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. अशा साठ घटकांचा एक दिवस. आता हे पात्र स्वतः काय जाणतं? फक्त मोजणं. मुहूर्त गाठायचा तर जोशीबुवांना सूर्योदयापासून मोजायला सुरुवात करावी लागे. सूर्योदय कधी झाला हे वाटीला माहीत नसतं, ते बाहेरून सांगावं लागतं. घटिकापात्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देतं आणि पहिल्याचं उत्तर उसनं घेतं. संगणकाचं घड्याळही असंच आहे.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला. तो सुरू केला की डॉस ही प्रणाली दरवेळी आधी तारीख विचारायची, मग वेळ. न सांगता नुसतं बटण दाबलं, तर १ जानेवारी १९८० धरून कामाला लागायची. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एक वेगळी घड्याळ-चिप आणि तिला जोडलेली बॅटरी आली. यंत्र बंद असतानाही ती मोजत राही. आजच्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सीआर-२०३२ सेल असतो, तो याच कुळातला.

त्या घड्याळाचं हृदय म्हणजे सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक. आकडा विचित्र वाटेल, पण तो दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. स्फटिक मात्र अगदी अचूक नसतो. दशलक्षात वीस इतका फरक धरला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट इकडेतिकडे होतं. उन्हाळ्या-हिवाळ्याने त्यात आणखी भर पडते. म्हणजे मोजणीतसुद्धा चूक साठते, आणि ‘किती वाजले’ हे तर मोजणीतून कळतच नाही. मग ते विचारायचं कुणाला?

विचारण्याआधी आणखी एक गाठ आहे : कुठली वेळ? मुंबईकरांना ही गाठ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रासच्या वेळेने धावे आणि शहर मुंबईच्या वेळेने. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ सरकारने लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. फरक एकोणचाळीस मिनिटांचा. लोकांना हा सरकारी हुकूम वाटला. गिरणी कामगारांनी निषेध केला, महापालिकेनेही मुंबई टाइमच्या बाजूने कौल दिला. १९५५ पर्यंत मुंबईत स्थानिक वेळ या ना त्या ठिकाणी टिकून होती. सूर्य बदलला नव्हता, गिरणीतल्या कामाचे तासही तेवढेच होते. वाद होता तो ‘किती वाजले’ हे कुणी सांगायचं, याचा.

हाच वाद संगणकात शिरला. युनिक्सच्या परंपरेतली यंत्रं १ जानेवारी १९७० ला ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले एवढंच मोजतात आणि दाखवताना आपापल्या गावची वेळ करून दाखवतात. डॉसला जगाची वेळ ठाऊकच नव्हती, त्याने चिपमध्ये गावचीच वेळ लिहिली. विंडोजने तो वारसा पुढे चालवला. एकाच डेस्कटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांचं घड्याळ साडेपाच तासांनी का सरकतं, याचं कारण हे आहे. लिनक्सने चिपमध्ये जागतिक वेळ लिहिली आणि विंडोजने ती गावची म्हणून वाचली, तर घड्याळ साडेपाच तास मागे. उलट झालं तर साडेपाच तास पुढे. चूक नेमकी साडेपाच तासांची असेल तर सेल बदलू नका. सेल असा हिशेबी बिघडत नाही. दोन प्रणालींपैकी एकीला दुसरीची रीत मान्य करायला लावा, की काम झालं.

गावोगावच्या वेळांचा इतिहास ठेवणारी एक मोठी नोंदवही आहे. ऑर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. भारतासाठी तिच्यात ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. मुंबईची नाही. त्यात मुंबईचा अपमान नाही. १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांची नोंद एकत्र करायची, असा तिचा नियम आहे. दुसऱ्या महायुद्धात भारताची घड्याळं तासभर पुढे केली होती, ते तिला माहीत आहे. पण १९२० साली मुंबईत किती वाजले होते हे विचारलंत, तर मुंबई टाइम गाळून उत्तर येईल. ही उणीव कोड लिहिणाऱ्यांपेक्षा इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवायची आहे.

आता विचारायचं कुणाला, ते पाहू. माझं घड्याळ बरोबर आहे हे दुसऱ्या घड्याळावरून ठरवायचं, मग दुसरं बरोबर आहे हे कशावरून? तिसऱ्यावरून. नैयायिक याला अनवस्था म्हणतात. सप्टेंबर १९८५ मध्ये डेव्हिड मिल्स यांनी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी, लेखी मांडला. त्यांनी या साखळीला पायऱ्या पाडल्या. सर्वांत वर आण्विक घड्याळं आणि उपग्रहांचे संकेत, ती शून्य पायरी. त्यांना थेट जोडलेले सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्यांना विचारणारे दुसऱ्या, असं पंधरापर्यंत. सोळा म्हणजे ‘याला वेळ माहीत नाही’. भारतात प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी सेवा पुरवणाऱ्या कंपन्या आणि इतर संस्थांची घड्याळं तिच्याशी किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राशी जुळवण्याचं बंधन घातलं.

विचारण्याची रीत मोठी सुंदर आहे. आमच्या घड्याळात १० वाजून ० सेकंद झाले असताना आम्ही चिठ्ठी पाठवली. सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे ती १० वाजून ७ सेकंदांनी पोचली आणि उत्तर ८ व्या सेकंदाला निघालं. ते आमच्या घड्याळाप्रमाणे ३ ऱ्या सेकंदाला हातात पडलं. जाताना फरक सातचा, येताना पाचचा. सरासरी सहा. म्हणजे आमचं घड्याळ सहा सेकंद मागे. प्रवासाचा वेळ दोन सेकंद, जाताना एक, येताना एक. यात एक गृहीत आहे : जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो. ते सिद्ध करता येत नाही, मानावं लागतं. म्हणून एनटीपी एकावर विसंबत नाही. अनेक सर्व्हरना विचारतो, ज्यांची उत्तरं एकमेकांशी जुळतात त्यांना धरतो आणि एकट्या पडलेल्याला सोडतो. साक्षीदार दोनच असले आणि त्यांचं पटलं नाही, तर खोटं कोण हे कळत नाही. तीन-चार असले तर कळतं.

फरक सापडला की तो भरून काढायच्याही दोन तऱ्हा आहेत. फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळ किंचित जलद किंवा संथ चालवून हळूहळू जुळवतात. एक सेकंद असा मुरवायचा तर सुमारे तेहतीस मिनिटं लागतील. फरक मोठा असेल तर घड्याळ एकदम उडी मारतं. आणि फरक १००० सेकंदांहून जास्त असेल, तर एनटीपीचा मूळ प्रोग्राम म्हणतो, इथे काहीतरी भलतंच आहे, आणि स्वतःच थांबतो. सावधगिरी योग्यच आहे. पण परिणाम काय होतो बघा. सेल संपलेला, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, अशा वेळी मदतीची गरज सर्वांत जास्त आणि नेमकी तेव्हाच मदत बंद! म्हणून सुरुवातीला एकदा मोठी उडी मारायची खास परवानगी त्याला द्यावी लागते.

सेलचं एक गुपितही सांगून ठेवतो. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत यंत्र बंद असलं तरी चिपला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे मेलेला सेल झाकला जातो. रात्री बटण बंद करण्याची आपली काटकसरी सवय त्याला उघडं पाडते. सकाळी तारीख जुनी, बँकेचं पान उघडत नाही, ब्राउझर म्हणतो प्रमाणपत्र ग्राह्य नाही. प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते आणि आपल्या यंत्राच्या मते ती तारीख अजून उजाडलेलीच नसते. वेळ सुरक्षित रीतीने जुळवायची तर सुरक्षित जोडणी हवी आणि सुरक्षित जोडणीला जुळलेली वेळ हवी. नैयायिकांच्या भाषेत हा अन्योन्याश्रय. अशा वेळी माणसाने हातानेच मनगटावरचं घड्याळ पाहून वेळ घालावी.

आता दुसरा प्रश्न, ‘किती वेळ झाला?’ आणि त्याच्या जोडीला काळा पडदा. जुन्या, मागे पोट असलेल्या पडद्यांवर आतून फॉस्फरचा लेप असे. एकच चित्र दिवसेंदिवस तिथेच राहिलं की लेपावर त्याचा कायमचा डाग उमटे. डिसेंबर १९८३ च्या ‘सॉफ्टटॉक’ मासिकात जॉन सोचा यांनी एक छोटा प्रोग्राम छापला. तीन मिनिटं कळफलकाला हात लागला नाही की पडदा काळा, हात लागला की पूर्ववत. पुढे त्या काळोखात चित्रं नाचू लागली, उडते टोस्टर आले. १९९२ साली अमेरिकेत ‘एनर्जी स्टार’ची योजना आली, १९९३ साली पडद्याला ‘झोप’ म्हणून सांगण्याचं मानक आलं. डागाचा प्रश्न मागे पडला, विजेचा पुढे आला. लिनक्सच्या साध्या अक्षरांच्या पडद्यावर दहा मिनिटांनी काळोख करण्याची रीत मात्र २०१७ पर्यंत मूळ सेटिंग म्हणून राहिली. ती तेव्हा काढली, कारण नव्या पडद्यांना तिची गरज नव्हती आणि यंत्र कोसळताना दाखवलेला शेवटचा संदेश काळोखात गडप होत असे.

पडदा काळा करायचा तर प्रोग्रामला एकच गोष्ट लागते : शेवटचा हात लागून किती वेळ झाला? शुद्ध घटिकापात्राचं काम. पण लिहिणाऱ्यांनी पुष्कळदा सोपा मार्ग धरला. हात लागला तेव्हा ‘किती वाजले’ ते लिहून ठेवायचं, आत्ता ‘किती वाजले’ ते पाहायचं आणि वजाबाकी करायची. घरी आपणही असंच करतो आणि ते चालतं, कारण मधेच कुणी घड्याळाचे काटे हलवत नाही. संगणकात हलवतात. समजा सेल मेलेला आहे, यंत्र जुन्या तारखेवर उठलं, आपण माऊस हलवला. मिनिटभरात इंटरनेटवरून खरी वेळ आली. प्रोग्रामच्या वजाबाकीत शेवटचा हात लागून काही वर्षं झाली! पडदा काळा. समोर माणूस वाचत बसलाय आणि यंत्राला वाटतं घर ओस पडलं. उलट, घड्याळ साडेपाच तास पुढे होतं आणि ते मागे ओढलं, तर वजाबाकी उणे येते आणि पडदा कित्येक तास काळा होतच नाही. दुरुस्तीवाला पडद्याची केबल तपासत बसतो आणि दोष मात्र वेळेच्या हिशेबात असतो.

यावर उपाय म्हणजे दोन प्रश्नांना दोन घड्याळं. २००१ च्या पॉझिक्स मानकात अशा दुसऱ्या घड्याळाला स्थान मिळालं. ते फक्त पुढे जातं. त्याला तारीख नसते, वाजले किती ते सांगत नाही, आणि त्याचे काटे कुणी फिरवू शकत नाही. वाट पाहायची, मुदत मोजायची, पडदा काळा करायचा, तर या घड्याळाने. पण इथेही नवा प्रश्न उभा राहिला : यंत्र झोपलं होतं तो वेळ मोजायचा की नाही? लिनक्समध्ये हे घड्याळ झोपेत थांबतं. म्हणून २०११ साली झोपेसकट मोजणारं तिसरं घड्याळ त्यात घालावं लागलं. सुषुप्तीत काळाचं भान असतं का, यावर वेदान्त्यांनी केलेली चर्चा ज्यांनी वाचली आहे, त्यांना या ठिकाणी हसू येईल.

दोन हिशेब वेगळे ठेवले तरी ते एकमेकांना कळवावे लागतात. ३० जून २०१२ च्या रात्री ग्रीनिचच्या वेळेत एक लीप सेकंद घातला गेला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट होती. लिनक्सच्या गाभ्यात ‘किती वाजले’चं घड्याळ एक सेकंद सरकलं, पण गजर लावणाऱ्या भागाला ती बातमी पोचली नाही. जे गजर नंतर वाजायचे ते लगेच वाजू लागले, पुन्हा लावले की पुन्हा लगेच वाजले. जगभरचे सर्व्हर या गोंधळात फिरत राहिले. क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमानकंपनीच्या प्रवाशांची नोंदणी खोळंबली. अनेकांनी केलेला उपाय ऐका : त्या यंत्राला आत्ताची वेळ पुन्हा एकदा सांगितली. तेवढ्याने बातमी पोचली आणि गजर थांबले. २०२२ च्या नोव्हेंबरात वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अशी जोड देण्याची रीत २०३५ पर्यंत बदलायचं ठरवलं.

प्रवासी खोळंबले, हे एक वेळ सोसता येतं. पण मोजणीची चूक जिवावर बेतते तेव्हा? २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धहरान. तिथल्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचा संगणक सुरू झाल्यापासूनचा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होता. एक दशांश हा अपूर्णांक दोन अंकांच्या पद्धतीत कधीच पुरा लिहिता येत नाही. शेपटीचा अगदी सूक्ष्म भाग कापला जाई. शंभर तासांत ती कात्रणं साठून सुमारे ०.३४ सेकंद झाले. येणारं स्कड तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून पुढे जातं. यंत्रणेने आकाशात भलत्याच जागी पाहिलं. अठ्ठावीस अमेरिकन सैनिक मेले. दोष आधीच कळला होता. फार वेळ सलग चालवू नका, असा इशाराही गेला होता, पण ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे कुणी लिहिलं नव्हतं. बंद करून पुन्हा चालू केलं असतं तर मोजणी शून्यापासून सुरू झाली असती. दुरुस्त प्रोग्राम धहरानला दुसऱ्या दिवशी पोचला. आम्ही हे उदाहरण धास्ती घालायला देत नाही. ‘किती वेळ’ या शब्दाला आकडा नसेल तर शहाणा सल्लाही निरुपयोगी ठरतो, हे त्यातून घ्यायचं.

म्हणून घरचं यंत्र तपासताना आधी विचारावं, बिघडलेला प्रश्न कोणता? तारीख कित्येक वर्षं मागे, आणि तीही बटण बंद केल्यानंतरच, तर सेल पाहावा. चूक साडेपाच तासांची, तर दोन प्रणालींची रीत किंवा निवडलेला वेळपट्टा पाहावा. चूक रोज काही सेकंदांची, तर स्फटिक आपल्या स्वभावाने चाललाय, वेळ जुळवणारी सेवा बंद आहे का ते पाहावं. सेवा चालू असून जुळत नाही, तर फरक तिच्या मर्यादेबाहेर गेलाय का ते पाहावं आणि एकदा हाताने वेळ घालावी. पडदा ठरल्या मिनिटांनी काळा होतो आणि माऊस हलवला की उजळतो, तर ती सोय आहे, मिनिटं वाढवून घ्यावीत. वेळ जुळल्याबरोबर काळा होतो, तर वजाबाकी चुकीच्या घड्याळाने होते आहे, प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्यावी. आणि माऊस हलवूनही उजळत नसेल, तर प्रश्न काळाचा नाही. मग खुशाल केबल, पडदा आणि वीजपुरवठा तपासावा.

पुढची परीक्षाही ठरलेली आहे. १९७० पासूनचे सेकंद ज्या जुन्या यंत्रांत बत्तीस बिटांत मोजले जातात, त्यांची जागा १९ जानेवारी २०३८ ला संपेल, भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की. पुढच्या सेकंदाला ती मोजणी उलटून १९०१ सालात जाईल. नव्या संगणकांनी जागा वाढवून घेतली आहे. प्रश्न आहे तो कुठल्यातरी कारखान्यात, पंपावर, लिफ्टमध्ये बसवून विसरलेल्या यंत्रांचा. आमच्या पिढीतले किती जण ते पाहायला असतील सांगता येत नाही, पण इथे बसलेल्या तरुण मंडळींच्या नोकरीच्या ऐन भरातला तो दिवस आहे. आपल्या ताब्यातली अशी यंत्रं कोणती, याची यादी त्यांनी आतापासून करायला घ्यावी. बारा-चौदा वर्षं पुरेशी वाटतात, पण अशी जुनी यंत्रं शोधून काढण्यातच पुष्कळ वर्षं जातात.

आता प्रश्न विचारा.